शिंगरांचे हृदय आणि खिशातील आलेखयंत्र

१८५८ च्या एप्रिलमध्ये राणी लक्ष्मीबाई यांनी झाशीचा किल्ला सोडून घोड्यावरून काल्पी गाठली. या दौडीच्या कथांत राणीच्या शौर्याबरोबर घोड्याच्या दमाचाही गौरव असतो. हा दम बव्हंशी हृदयावर अवलंबून असतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटास सुमारे २८ ते ४४ पडतात. भरधाव दौडीत ते २०० च्याही पुढे जातात. म्हणूनच हृदयातील दोष शिंगरू स्वारीस घेण्यापूर्वी कळणे अगत्याचे असते. धावता घोडा कोसळला, तर स्वाराच्याही जिवावर बेतते.

हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वी त्यात सूक्ष्म विद्युत्-लहर पसरते. विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्टहोव्हेन यांनी तिचा आलेख घेणारे जे यंत्र सिद्ध केले, त्याचे वजन सुमारे २७० किलोग्रॅम होते. आज हेच काम स्मार्टफोनला जोडलेली, दोन विद्युदग्रे असलेली लहानशी पट्टी करते. मनुष्यासाठी अशा साधनास २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पशुवैद्यांनीही ते लवकरच हाती घेतले. घोड्याच्या डाव्या कोपरामागील केस स्पिरिटने भिजवून पट्टी तेथे अर्धा मिनिट धरली की आलेख उमटतो. शिंगरू बुजले तर ठोके वाढतात आणि हालचालीने आलेख बिघडतो; यासाठी घोडीला जवळच उभी करावी.

आलेख वाचताना वयाचे भान हवे. पहिल्या आठवड्यात शिंगराचे ठोके मिनिटास ८० ते १२० असणे स्वाभाविक आहे. उलट, मोठ्या निरोगी घोड्याचा विश्रांतीत एखादा ठोका चुकतो आणि चालविताच ताल पूर्ववत होतो. तो सहसा रोग नव्हे. कधी आलेखातील उंच उतरती लहर यंत्र दुसरा ठोका समजते आणि दुप्पट संख्या दाखविते. म्हणून ठोके आलेखावरून स्वतः मोजावेत.

या साधनाचा खरा उपयोग क्षणिक दोषांत आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर श्रमानंतर उद्भवून एकदोन दिवसांत आपोआप थांबू शकते. झाशीच्या नगरा भागात कोणी घोडे पाळीत असेल आणि पशुवैद्य दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर तोवर खूणही उरत नाही. त्याच वेळी घेतलेला आलेख मात्र फोनवरून तज्ज्ञाकडे तत्काळ पोहोचतो.

तथापि आलेखावरून ताल कळतो, हृदयाची रचना नव्हे. हृदयाच्या पडद्यातील जन्मजात छिद्र त्यात दिसेलच असे नाही. तेथे स्टेथोस्कोपने मर्मरध्वनी ऐकावा लागतो. आणि जन्मानंतर पहिले काही दिवस तसा ध्वनी निरोगी शिंगरातही ऐकू येऊ शकत असल्याने निर्णयासाठी पुनर्तपासणी व प्रसंगी ध्वनिलहरींचे चित्रण आवश्यक ठरते. आलेख निर्दोष आला एवढ्यावरून शिंगरू दौडीस योग्य ठरवू नये. तो निर्णय पशुवैद्याच्या प्रत्यक्ष तपासणीनंतरच घ्यावा.