नोकरीचा अर्ज : नेहमीच्या चुका व त्या टाळण्याचे मार्ग

एखाद्या सरकारी खात्यातील अथवा कारखान्यातील जागांची जाहिरात प्रसिद्ध झाली, की गोव्यातील गावोगावच्या घरांत अर्जाची धांदल सुरू होते. दाखल्यांची पिशवी खाली काढली जाते, शेजारच्या शिकलेल्या मुलाला बोलावले जाते आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशी कसाबसा अर्ज रवाना होतो. पुढे छाननीत तो अर्ज बाद ठरला, तर दोष नशिबाला दिला जातो, नाही तर वशिल्याच्या अभावाला. परंतु बाद झालेल्या अर्जांत पात्र उमेदवारांचे अर्जही असतात. त्यांच्या अंगी योग्यता नसते असे नव्हे. ती कागदावर नीट उतरलेली नसते, किंवा कागदावर जे उतरले त्याला दाखल्याचा आधार नसतो.

छाननी करणारा कर्मचारी उमेदवाराला ओळखत नसतो. त्याच्या एका हाताला जाहिरात असते व दुसऱ्या हाताला अर्ज. जाहिरातीतील एकेक अट घेऊन ती अर्जात पूर्ण झाली आहे की नाही, एवढेच तो पाहतो. म्हणून अर्जातील प्रत्येक विधान जाहिरातीतील अटीला उत्तर देणारे असावे आणि त्या विधानामागे एक दाखला असावा. हे सूत्र ध्यानात ठेवले, तर बहुतेक चुका आपोआप टळतात.

आधी जाहिरात वाचावी

जाहिरातीत ‘अत्यावश्यक’ आणि ‘इष्ट’ अशा दोन प्रकारच्या अर्हता दिलेल्या असतात. अत्यावश्यक अर्हतांपैकी एक जरी कमी असली, तरी अर्ज पुढे जात नाही. इष्ट अर्हता नसली तरी अर्ज करता येतो. हा भेद न समजल्यामुळे काही जण पात्र असूनही अर्ज करीत नाहीत, तर काही जण अपात्र असताना व्यर्थ आशा बाळगतात.

अर्हता कोणत्या दिवशी पूर्ण असावी, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न होय. जाहिरातीत अथवा नियमांत वेगळी तारीख दिलेली नसेल, तर अर्ज स्वीकारण्याच्या अखेरच्या दिवशी उमेदवार पात्र असला पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अशोक कुमार शर्मा यांच्या खटल्यात दिला. परीक्षा दिली आहे, निकाल पुढील आठवड्यात लागणार आहे, एवढ्याने भागत नाही.

नावाचा घोळ

गोव्यात या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. पोर्तुगीज लेखनपद्धतीत ‘के’ हे रोमन अक्षर सहसा वापरले जात नसे. त्यामुळे एकच ‘नाईक’ आडनाव आजोबांच्या कागदावर ‘क्यू-यू-ई’ या अक्षरांनी संपते, तर नातवाच्या शालेय दाखल्यावर ‘के’ने. गावकर कुठे ‘सी’ने लिहिलेले आढळते, कुठे ‘के’ने. कामत यांचे ‘कामोतीं’ आणि शेणवी यांचे ‘सिनाय’ झालेले जुन्या दप्तरांत दिसते. घरच्यांना ही सर्व नावे एकाच कुळाची वाटतात. छाननी करणाऱ्याला मात्र ती दोन निरनिराळ्या माणसांची वाटू शकतात.

अर्जात नाव लिहिताना दहावीच्या प्रमाणपत्रावर ते जसे आहे, अक्षरशः तसेच लिहावे. वडिलांचे नाव मध्ये घालावे की नाही, हेही त्या प्रमाणपत्रावरूनच ठरवावे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी प्रमाणपत्रावरील नाव व सध्याचे नाव अशी दोन्ही नावे नमूद करावीत आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. जन्मदाखला व शालेय दाखला यांतील तफावत मोठी असेल, तर जाहिरातीची वाट न पाहता दुरुस्तीच्या मार्गास लागावे. नाव बदलण्याची कायदेशीर रीत गोव्यात १९९० च्या नाव व आडनाव बदलविषयक कायद्याने घालून दिली आहे. हे काम अखेरच्या आठवड्यात होणारे नव्हे.

तारखा व टक्केवारी

शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने किंवा सोयीने नोंदविण्याची रीत पूर्वी अनेक गावांत होती. तिचे परिणाम आजही काही कुटुंबांना भोगावे लागतात. जन्मतारीख लिहिताना आठवणीवर किंवा पत्रिकेवर विसंबू नये. ती प्रमाणपत्रावरूनच उतरावी.

टक्केवारीच्या बाबतीत तर उत्साह नडतो. ६०० पैकी ३५७ गुण म्हणजे ५९.५ टक्के. ‘साधारण साठ’ असे मनाशी धरून अर्जात ६० लिहिणारा उमेदवार आपल्याकडून खोटे बोलत नसतो. तथापि ६० टक्क्यांची अट असेल, तर नियमांत तशी तरतूद असल्याखेरीज अर्धा टक्का वर चढविता येत नाही. गुणपत्रिकेवरील आकडे जसेच्या तसे द्यावेत.

अनुभवाचेही तसेच आहे. ‘तीन वर्षांचा अनुभव’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणत्या पदावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणते काम केले, हे लिहावे. अनुभवाच्या दाखल्यावर या सर्व गोष्टी आहेत की नाहीत, हे तो हाती पडताच पाहून घ्यावे. आस्थापना बंद पडल्यावर किंवा तिचा मालक बदलल्यावर नवा दाखला मिळविणे दुरापास्त होते.

वास्तव्य व नोंदणी

गोवा शासनाच्या नोकऱ्यांसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला सामान्यतः मागितला जातो. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो, परंतु त्यापूर्वी चौकशी व कागदपत्रांची तपासणी व्हावी लागते. रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणीही चालू स्थितीत असावी लागते. नूतनीकरणाची तारीख उलटून गेली आणि ती कुणाच्या लक्षातच आली नाही, असे वारंवार घडते. घरातील दिनदर्शिकेवर ती तारीख लिहून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

येणाऱ्या भाषा

राज्य शासनाच्या पदांसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे ज्ञान इष्ट, अशी अट जाहिरातींत आढळते. येथे एक विलक्षण चूक होते. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणातील उमेदवार घरी आणि बाजारात अखंड कोकणी बोलतो. अर्जात मात्र ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढेच लिहितो. आपली बोलण्याची भाषा ही अर्हता आहे, हे त्याच्या मनातच येत नाही. प्रत्येक भाषेपुढे ‘बोलता येते, वाचता येते, लिहिता येते’ हे स्वतंत्रपणे नोंदवावे. टंकलेखनासंबंधीही हेच सांगता येईल. जाहिरातीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागितला असताना ‘टंकलेखन येते’ हे उत्तर अपुरे ठरते. वेग आणि प्रमाणपत्र या दोहोंचा उल्लेख करावा.

खासगी आस्थापनांसाठी माहितीपत्रक

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडे किंवा हॉटेलांकडे पाठवावयाचा बायोडाटा वेगळ्या धर्तीचा असतो. तेथे नमुना ठरलेला नसल्याने मजकुराची निवड उमेदवारालाच करावी लागते. दुसऱ्याचा बायोडाटा घेऊन केवळ नाव बदलणे ही येथील सर्वांत मोठी चूक होय. कित्येकदा त्या दुसऱ्याचा पत्ता किंवा पदाचे नावही तसेच राहून जाते. दोन पृष्ठांत माहिती आटोपावी. सर्वांत अलीकडचे काम व शिक्षण प्रथम द्यावे. ‘मेहनती व प्रामाणिक’ अशी विशेषणे कोणीही लिहू शकतो. ‘दोन वर्षे भांडारातील मालाची आवक-जावक संगणकावर नोंदविली’ हे ज्याने केले, तोच लिहू शकतो. ज्या दूरध्वनीवर व ई-मेलवर निरोप खात्रीने मिळेल, तेच क्रमांक व पत्ते द्यावेत.

लपवाछपवी नको

पोलीस तपासणीच्या फॉर्ममध्ये पूर्वीच्या गुन्ह्यासंबंधी किंवा खटल्यासंबंधी विचारणा असते. गावच्या भांडणातून एखादे किरकोळ प्रकरण झालेले असते आणि भीतीपोटी उमेदवार ‘नाही’ असे लिहून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात या विषयाची तत्त्वे सांगितली आहेत. दिलेली माहिती खरी असली पाहिजे. खरी माहिती दिली तरी पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतो. मात्र प्रकरण क्षुल्लक असेल, तर चूक पोटात घालण्याचा विवेकही त्याला वापरता येतो. खरे सांगणाऱ्याला निदान आपली बाजू मांडता येते. खोटे उघडकीस आले, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते, आणि तीही अशा वेळी, जेव्हा घराचा सारा भार त्या पगारावर पडलेला असतो.

अर्ज धाडण्यापूर्वी

२०१९ च्या कायद्यानुसार गोवा कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला असून अर्ज संगणकाद्वारे भरण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. केंद्रावर बसलेल्या मुलाकडून अर्ज भरून घेतला, तरी जबाबदारी उमेदवाराचीच राहते. ‘सादर करा’ या अखेरच्या टप्प्यापूर्वी संपूर्ण अर्ज दाखले समोर ठेवून वाचावा. छायाचित्र व स्वाक्षरी स्पष्ट दिसते की नाही, ते पाहावे. पोच व अर्ज क्रमांक जपून ठेवावा. शक्य तर तो अर्ज दुसऱ्या कोणाकडून तरी वाचवून घ्यावा, कारण स्वतःची चूक स्वतःला सहसा दिसत नाही.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. दहावीचे प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या हाती पडते, त्याच दिवशी नाव व जन्मतारीख तपासून पाहण्यास त्याला सांगितले, तर पुढील अनेक वर्षांचा त्रास वाचेल. ग्रामपंचायती व वाचनालये यांनी वर्षातून एक दिवस मुलांना दाखले घेऊन बोलवावे आणि ते परस्परांशी ताडून द्यावेत. याला खर्च काही नाही. दाखल्यातील चूक त्या दिवशी सापडली, तर ती सुधारण्यास वेळ मिळतो. छाननीच्या मेजावर ती सापडली, तर मिळत नाही.