काठमांडूला जाणारे रस्ते कोणी बांधले?

भारत आणि चीन या दोन प्रतिस्पर्धी सत्तांनी आपल्या लहान शेजाऱ्यांशी कसे संबंध राखले, हे करारांच्या मसुद्यांपेक्षा रस्त्यांच्या नकाशावरून अधिक स्पष्टपणे वाचता येते, आणि त्या दृष्टीने नेपाळच्या नकाशाइतका बोलका नकाशा आशियात क्वचितच सापडेल. नेपाळ हा भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेला देश असल्यामुळे त्याच्यासाठी रस्ता ही केवळ सोय नसून सार्वभौमत्वाची अट आहे.

शेजारच्या देशांतही हीच स्पर्धा दिसते. श्रीलंकेतील हंबनटोटा बंदर 2017 साली 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले; मालदीवमध्ये माले आणि विमानतळाचे बेट जोडणारा पूल चीनच्या साहाय्याने 2018 मध्ये उभा राहिला, तर मालेला पश्चिमेकडील बेटांशी जोडणाऱ्या पुलाला भारताने अर्थसाहाय्य दिले; भूतानमध्ये भारताने जलविद्युत प्रकल्प उभारले. हे सारे महत्त्वाचे असले, तरी त्यातले बरेचसे अलीकडचे आहे. नेपाळमध्ये मात्र ही कहाणी सत्तर वर्षांची आहे.

1950 पूर्वी काठमांडूच्या खोऱ्यात बाहेरून येणारा मोटाररस्ताच नव्हता. भारतीय सीमेवरील रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत 1927 साली सुरू झालेली छोटी रेल्वे होती, तेथून भीमफेदीपर्यंत मोटार जाई आणि पुढे चिसापानी गढी व चंद्रागिरीचा डोंगर पायी ओलांडून थानकोटला उतरावे लागे. मालासाठी त्या काळी सत्तेवर असलेल्या वंशपरंपरागत राणा पंतप्रधानांच्या राजवटीने रोपवे उभारला होता. पण राणा सरदारांच्या परदेशी मोटारगाड्या मात्र हमालांचे तांडे बांबूंवर तोलून डोंगरापलीकडे नेत असत. राजधानीत गाड्या होत्या, थोडेफार रस्तेही होते, परंतु त्या रस्त्यांचा बाहेरच्या जगाशी सांधा नव्हता, आणि हे एकाकीपण राजवटीला सोयीचेच होते.

राणाशाहीच्या अस्तानंतर भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी डोंगर फोडून त्रिभुवन राजपथ बांधला आणि 1956 पर्यंत काठमांडू तराईशी, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्याशी, जोडले गेले. सुमारे 2,500 मीटर उंचीवरील सिमभंज्याङ खिंडीतून जाणारा हा असंख्य वळणांचा मार्ग आजही अभियांत्रिकीचे नवल मानावा असा आहे. त्यामुळे नेपाळ जगाशी जोडला गेला; मात्र त्या जगाचे दार एकाच दिशेला उघडत होते, आणि राजे महेंद्र यांना हेच खुपत होते.

त्यांनी 1961 साली चीनशी करार करून काठमांडूपासून तिबेटच्या सीमेवरील कोदारीपर्यंतचा रस्ता मिळवला. हिमालय ही आपली संरक्षक भिंत मानणाऱ्या दिल्लीला हा करार अस्वस्थ करणारा होता, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या भारत-चीन युद्धाने ती अस्वस्थता अधिकच गडद केली. 1967 मध्ये खुल्या झालेल्या या मार्गाला अरनिकोचे नाव देण्यात आले. तेराव्या शतकातील हा नेवार कलावंत तरुणपणीच कारागिरांचा तांडा घेऊन तिबेटात गेला, तेथून कुब्लाई खानाच्या दरबारी पोहोचला, आणि बीजिंगमधील 1279 साली पूर्ण झालेला शुभ्र स्तूप ही त्याचीच रचना. रस्ता बांधणारा देश चीन असला, तरी चीनला कला शिकवणाऱ्या नेपाळी माणसाचे नाव त्यावर कोरले गेले, ही लहान राष्ट्राच्या स्वाभिमानाची दाद द्यावी अशी खूण आहे.

पुढची दोन दशके नेपाळने ही चढाओढ कौशल्याने वापरली. सुमारे 1,027 किलोमीटरचा पूर्व-पश्चिम महेंद्र राजमार्ग भारत, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि आशियाई विकास बँक अशा अनेकांच्या साहाय्याने तुकड्या-तुकड्यांनी उभा राहिला. पूर्व तराईतील एक टप्पा आरंभी चीनकडे जाणार होता, पण तो आपल्या सीमेच्या अगदी निकट असल्याने भारताने आक्षेप घेतला आणि ते काम स्वतःच्या अंगावर घेतले. सुनौलीहून पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग भारताने बांधला, तर काठमांडूच्या बाजूने पोखऱ्याला जाणारा पृथ्वी राजमार्ग चीनने बांधला.

या जाळ्यातील सर्वांत उद्बोधक जागा म्हणजे धादिङ जिल्ह्यातील नौबिसे. येथे चीनने बांधलेला पृथ्वी राजमार्ग भारताने बांधलेल्या त्रिभुवन राजपथाला मिळतो. मुग्लिंग ते नारायणघाट हा जोडरस्ताही चीनच्या साहाय्याने तयार झाल्यावर मालमोटारींनी उंच खिंडीची वाट सोडली आणि हा लांबचा, पण सौम्य चढाचा मार्ग धरला. परिणामी रक्सौलसमोरील वीरगंजहून येणारे भारतीय इंधन, धान्य आणि औषधे चीनने बांधलेल्या रस्त्यांवरून काठमांडूत पोहोचू लागली. रस्ता बांधणाऱ्याचा हेतू काहीही असो, त्यावरून काय वाहायचे हे भूगोल आणि बाजारपेठ ठरवतात.

भूगोलाची ही सत्ता दोन्ही शेजाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी. 1989 मध्ये व्यापार व पारगमन करार संपल्यावर भारताने बहुतेक नाकी बंद केली; पारगमन म्हणजे परक्या देशाच्या भूमीतून आपला माल नेण्याचा हक्क. 2015 मध्ये नव्या संविधानानंतर सीमेवरची वाहतूक पुन्हा अनेक महिने खोळंबली. भारताने त्याचे कारण तराईतील मधेशी समाजाचे आंदोलन असे सांगितले, तर नेपाळने भारतालाच जबाबदार धरले. त्यानंतर 2016 मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला आणि 2019 च्या नियमावलीने तियानजिनसह चार बंदरे त्याला कागदोपत्री खुली झाली. परंतु कोलकाता वीरगंजपासून सुमारे 700 किलोमीटरवर असताना तियानजिनचे अंतर 3,000 किलोमीटरहून अधिक आहे. शिवाय हिमालयही करार पाळत नाही: 2014 मधील जुरेच्या दरडीने आणि 2015 च्या भूकंपाने अरनिको मार्ग मोडला, तर जुलै 2025 मधील पुराने चीनच्या सीमेवरील रसुवागढीचा मैत्री पूल वाहून नेला.

आता स्पर्धा रुळांवर आली आहे. चीन तिबेटमधील केरुङ ते काठमांडू या मार्गाचा अभ्यास करतो आहे; भारताच्या बाजूने जयनगर-कुर्था रेल्वे 2022 मध्ये सुरू झाली असून तिच्या गाड्या पुरवण्याचे आणि रक्सौल-काठमांडू मार्गाचे सर्वेक्षण करण्याचे काम कोकण रेल्वे महामंडळाने केले, हे मराठी वाचकांना अभिमान वाटावे असे आहे. सह्याद्रीच्या दरडींशी झुंजून मिळवलेले ज्ञान हिमालयाच्या पायथ्याशी उपयोगी पडावे, याहून चांगली परराष्ट्रनीती कोणती?

नेपाळच्या रस्त्यांचा इतिहास भारताला एक स्पष्ट धडा देतो. दक्षिणेकडील बंदरांचे सान्निध्य, सपाट तराई आणि खुली सीमा हे भारताचे असे भांडवल आहे, की ज्याची बरोबरी चीन कितीही खर्च करून करू शकणार नाही. मात्र नाके एकदा बंद झाले, की त्या भांडवलाचे मोल घटते आणि काठमांडूला उत्तरेकडील अवघड, महागडी वाटही जवळची वाटू लागते. म्हणून नव्या महामार्गाच्या प्रत्येक घोषणेपेक्षा, राजकीय मतभेद कितीही तीव्र झाले तरी सीमेवरचे नाके बारमाही उघडे राहील ही हमी, शेजारधर्म म्हणून अधिक मोलाची आहे.