हाताची बत्तिशी

बत्तिशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते टूथपेस्टची जाहिरात. पण मंडळी, आपल्याकडे आणखी एक बत्तिशी आहे. खरं तर दोन! खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात हाडं असतात बरोब्बर ३२. म्हणजे हे पान उलटणाऱ्या हातात ३२ आणि चहाचा कप धरलेल्या हातात ३२. अख्ख्या शरीरातली हाडं २०६, त्यातली ६४ या दोघांनीच पळवलेली. दातांच्या बत्तिशीसाठी आपण डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतो. या दुसरीची आठवण होते ती थेट बाइकवरून पडल्यावर.

हिशेब सोपा आहे. खांद्याला दोन: पुढे हासळी, म्हणजे आपली कॉलर बोन आणि मागे फरा, म्हणजे खांद्याचं पातं. दंडात एक. कोपर ते मनगट दोन. मनगटात आठ, तळहातात पाच आणि बोटांत १४. या १४ जणांना तर तुम्ही लहानपणापासून ओळखता. जपाला बसलेली आजी अंगठ्याने जी पेरं मोजते, तीच ही हाडं. चार बोटांची तीन-तीन मिळून १२ आणि अंगठ्याची दोन. झाले की नाही १४?

एका सांध्याचा भरवसा

गळ्याच्या खाली, मधोमध जो खळगा आहे, त्याच्या बाजूला बोट लावा आणि खांदा वर-खाली करा. काहीतरी हलतंय? तिथे हासळी छातीच्या मधल्या हाडाला भेटते. तुमचा अख्खा हात बाकीच्या सांगाड्याला हाडाने जोडला गेलाय तो फक्त या एका सांध्यात. फरा पाठीमागे बरगड्यांवर नुसता टेकलेला असतो, त्याला धरून ठेवतात ते स्नायू.

आता खांद्याचा सांधा बघा. मांडीचं हाड कमरेत खोल वाटीत बसतं. दंडाचं हाड मात्र फऱ्याच्या उथळ बशीवर चेंडू ठेवावा तसं टेकतं. म्हणून तर आपण लोकलचं हँडल पकडू शकतो, माळ्यावरची बॅग काढू शकतो आणि संडे क्रिकेटमध्ये बोलिंग टाकू शकतो. अर्थात, हे स्वातंत्र्य फुकट मिळत नाही. शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. चेंडू बशीत ठेवायचं काम बरंचसं स्नायूंवर आहे. लॅपटॉपपुढे मान घालून तासन् तास बसलो की हेच स्नायू ओव्हरटाइम करतात. संध्याकाळी खांदे भरून येतात, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा त्यांचीच असते.

हासळीची आणखी एक गंमत. आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात होते ती हिचीच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि हिचं छातीकडचं टोक पूर्ण जुळायला विशी संपत येते. म्हणजे पहिली नोकरी लागली, कन्फर्मेशन लेटर हातात पडलं, तरी तुमचं एक हाड अजून प्रोबेशनवरच!

कोपराला गूळ आणि दिवसभराची फुली

अप्रेझलच्या महिन्यात बॉस कोपराला गूळ लावतो, तेव्हा तो चाटता का येत नाही? दंडात हाड एकच, सरळ आणि अखंड. मध्ये सांधाच नाही, त्यामुळे कोपर खांद्यापासून कायम तेवढ्याच अंतरावर राहतं. बहुतेकांची जीभ काही तिथवर पोचत नाही.

कोपराखाली मात्र दोन हाडं. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा: दोन्ही शेजारी-शेजारी, समांतर. आता टायपिंगसाठी तळहात पालथा करा. अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्याला ओलांडून पलीकडे गेलं, झाली फुली. म्हणजे कीबोर्डवर असतो तेवढा वेळ आपण या दोन हाडांची फुली करून बसलेलो असतो! यात धोका नाही, हात त्यासाठीच बनलाय. पण मधूनमधून हात सुलटा करा, उठा, पाणी प्या.

मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटाला, ते नीट बघून ठेवा. करंगळी बधिर होत असेल तर संशय कोपराकडे जातो. तिथे आतल्या उंचवट्यामागून जी नस कातडीच्या लगेच खालून जाते, तिला धक्का लागला की तो प्रसिद्ध 'करंट' बसतो. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर संशय मनगटाकडे. मनगटाच्या हाडांनी बनलेल्या अरुंद बोगद्यातून एक नस आणि नऊ दोऱ्यांसारखे स्नायूबंध जातात. गर्दी झाली की चेपते ती नस. खापर लगेच माउसवर फोडू नका. थायरॉइड, डायबिटीस, गरोदरपण अशी कारणंही असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवा.

तपकिरीची डबी

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगठा 'थम्स अप'सारखा ताणा. मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी एक छोटा खड्डा दिसेल. पूर्वी लोक यात तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला तपकिरीची डबीच म्हणतात. या डबीच्या तळाशी आहे स्कॅफॉइड, काजूएवढं, काजूच्याच आकाराचं हाड. मनगटाच्या आठ हाडांत सर्वांत जास्त मोडतं ते हेच आणि मोडतं ते मुख्यतः तरुणांचं. पावसात बाइक घसरते, फुटबॉल खेळताना तोल जातो, आपण हात पुढे टेकतो आणि सगळा भार याच्यावर येतो.

गोची अशी की सूज फारशी येत नाही, बोटं हलतात, कधीकधी पहिल्या एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. 'लचकलंय' म्हणून आपण क्रेप बँडेज गुंडाळतो आणि सोमवारी ऑफिसला हजर! पण या हाडाला रक्त येतं ते मुख्यतः बोटांकडच्या टोकाने, उलट्या दिशेने. मधोमध तडा गेला की मनगटाच्या आतल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो आणि पुढे ऐन चाळिशीत मनगटाला संधिवात. वेळेत कळलं तर बरेचदा काही आठवड्यांच्या प्लॅस्टरवर भागतं.

म्हणून एक करा. पडल्यावर त्या खड्ड्यात बोट दाबून बघा. कळ आली तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं सांगा. ते मनगट बांधून ठेवतील, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतील, नाहीतर एमआरआय सांगतील. त्याला टाळाटाळ नको.

आणि मित्रांपैकी कुणी म्हणालंच, 'बोटं हलताहेत ना? मग फ्रॅक्चर नाही रे!', तर त्याला हसून बत्तिशी दाखवा आणि रिक्षा पकडा.