मुलांसंगे ग्रंथवाचन – लेखांक सहावा : चित्राचा अधिकार

गेल्या लेखांकात बडबडगीतांचा विचार झाला. आज चित्रे आणि मजकूर या दोहोंची ज्यांवर सारखीच मालकी असते, त्या चित्रपुस्तकांची निवड कशी करावी, हा विषय हाती घेऊ. दुकानात उभे राहून पुस्तक चाळणारे बहुतेक पालक प्रथम मजकूर वाचतात, भाषा सोपी आहे ना, शेवटी काही बोध आहे ना, याची खातरजमा करून घेतात, आणि चित्रे रंगीत असली म्हणजे त्यांच्याविषयी अधिक चौकशीचे कारण नाही असे मानून पैसे चुकते करतात. परंतु ज्याच्यासाठी हे पुस्तक घ्यायचे त्या तीन-चार वर्षांच्या बालकाला अक्षरओळख नसल्यामुळे मजकूर त्याच्या केवळ कानांवर पडतो, आणि त्याच वेळी त्याचे डोळे मात्र पूर्ण मोकळे असून चित्राच्या कानाकोपऱ्यांतून हिंडत असतात, ही साधी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे निवडीची कसोटीच बदलते. त्या डोळ्यांना शोधून काढण्याजोगे चित्रात काही आहे काय, हा पहिला प्रश्न.

पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले ‘रोझीज वॉक’ हे पुस्तक या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्याचा सारा मजकूर म्हणजे एकच वाक्य, अवघ्या ३२ इंग्रजी शब्दांचे : रोझी नावाची कोंबडी शेतवाडीत फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढीच हकीकत त्यात नमूद आहे. चित्रांत मात्र आरंभापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे आणि त्याच्याविषयी मजकुरात चकार शब्द नाही. एका पानावर तो कोल्हा झेप घेतो, आणि जिथे त्याचे पाय टेकणार नेमके तिथेच एक दाताळे दाते वर करून पडलेले असते. त्याचा दांडा उसळून कोल्ह्याच्या थोबाडावर बसणार, हे पान उलटण्यापूर्वीच मुलाने ताडलेले असते. पुढे पिठाच्या गिरणीपाशी कोंबडीच्या पायात दोरी अडकते, त्या दोरीने वर टांगलेले पोते मोकळे होते, आणि आपल्या मागे काय घडले याची गंधवार्ताही नसलेली रोझी तशीच ऐटीत पुढे चालू लागते. वाचणारे माणूस शांतपणे कोंबडीची वाट सांगत आहे आणि मांडीवरचे मूल ‘कोल्हा! कोल्हा!’ म्हणून ओरडत आहे, असा प्रसंग या पुस्तकाने ठरवून घडवून आणला आहे; आजवर सर्व गोष्टी मोठ्यांकडून समजून घेणाऱ्या त्या जिवाला येथे प्रथमच मोठ्यांना काही सांगण्याचा अखत्यार मिळतो, आणि माझ्या मते चित्रपुस्तकाने मुलाला द्यावे असे याहून मोलाचे दुसरे काही नाही.

हे सारे कौशल्य पान उलटण्यावर अवलंबून आहे. कागदाच्या तावाला घड्या घालून १६ पानांचा एक फर्मा तयार होतो आणि अशा दोन फर्म्यांत पुस्तक बसवण्याचा प्रघात असल्यामुळे चित्रपुस्तक सामान्यतः ३२ पानांचे असते. कुशल चित्रकार या मोजक्या पानांत कोणती गोष्ट पान उलटेपर्यंत झाकून ठेवावी याचा काटेकोर हिशेब करतो. सबब, काटकसरीपायी दोन प्रसंग एकाच पानावर दाटीवाटीने छापलेली आवृत्ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिस पिक्टस’ या सचित्र पाठ्यपुस्तकात वस्तूचे चित्र आणि तिचे नाव समोरासमोर मांडण्याची जी पद्धत अवलंबिली, तीच आपल्या ‘अ अननसाचा’ धर्तीच्या पुस्तकांत चालत आलेली आहे. ती पुस्तके उपयुक्त आहेत. तथापि त्यांत चित्राकडे नावाची साक्ष देण्यापलीकडे काम नसते, आणि तेवढ्यावर मुलाची चित्रपुस्तकांची भूक भागली असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होय.

मराठीत ही जाण ठेवून काम करणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या लेखिका ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत शब्द आणि चित्र दोन्ही स्वतःच घडवतात, त्यामुळे एकाने सांगितलेले दुसऱ्याने पुन्हा सांगण्याचा दोष तेथे उद्भवत नाही, शिवाय त्यांची माणसे मराठी मुलाच्या नित्य परिचयाच्या घरांतून वावरणारी असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली ही पुस्तके ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात असावीत, अशी माझी निःसंकोच शिफारस आहे.

दुकानात परीक्षा करायची तर मजकुरावर तळहात ठेवून केवळ चित्रे पाहत जावे आणि नंतर चित्रांकडे न पाहता केवळ मजकूर वाचावा. दुसऱ्या वाचनात काहीच उणे भासले नाही, तर ती चित्रे निव्वळ शोभेची आहेत असे समजून पुस्तक फळीवर परत ठेवण्यास हरकत नाही.

पुस्तक घरी आले म्हणजे ते कसे वाचावे, याचाही विचार हवा. अमेरिकेतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना, चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ एवढेच न विचारता मुलाला बोलते करणारे प्रश्न विचारावेत आणि त्याने उच्चारलेल्या तुटक शब्दांत भर घालून ते पुरे वाक्य त्याला परत ऐकवावे, अशी रीत शिकवलेली होती. तेवढ्याच वेळा परंतु नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा ही मुले एका महिन्यातच बोलण्यात सरस ठरली. म्हणून मुलाने मध्येच थांबवले, दोन पाने मागे नेले, कोल्हा पुन्हा दाखवायला सांगितले, तर ती व्यत्ययाची बाब न मानता आपण वाचन तेथेच थांबवावे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून, आणि आता पुण्या-मुंबईतूनही, इंग्रजी चित्रपुस्तके घरात येतात, तेव्हा आजी-आजोबांनी ती आपल्यासाठी नाहीत असे मानून बाजूला सारू नयेत. ज्यात मजकूर थोडा आणि चित्र बोलके, असे पुस्तक आजीने खुशाल आपल्या बोलीत, कोंबडीला हवे ते नाव ठेवून सांगावे. त्याने कथेचे काही बिघडत नाही. ज्या पुस्तकांची सारी गंमत इंग्रजी यमकांत साठवलेली आहे, ती मात्र आईबापांनीच वाचावीत.