दहा दिवसांचे मिशनरी

१९९८च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ हे चक्रीवादळ मध्य अमेरिकेतल्या होंडुरासवर येऊन जवळजवळ थबकलं. पाऊस थांबेचना. डोंगर घसरले, राजधानी तेगुसिगाल्पाच्या नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. शेजारचा निकाराग्वा धरून त्या भागात सुमारे ११ हजार माणसं मेली. बेघर झालेल्यांची तर गणतीच अवघड. पाणी ओसरलं तसे अमेरिका-कॅनडातल्या चर्चचे गट विमानाने येऊन उतरू लागले. मुक्काम आठवडा-दीड आठवडा आणि काम बहुधा एकच, घरं बांधायची.

कर्ट व्हेर बीक हे तेव्हा अमेरिकेतल्या कॅल्व्हिन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ. स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आणि वर्षानुवर्षं होंडुरासमध्येच राहणारे. त्यांनी या घरांचा हिशेब मांडला. एक घर साधारण २ हजार डॉलरमध्ये उभं राहत होतं. ते बांधायला आलेला गट मात्र विमानभाडं आणि राहणं-खाणं धरून सरासरी ३० हजार डॉलर खर्च करत होता. हे गणित कुठल्याही गवंड्याला सांगून पाहा, तो हातातली थापी खाली ठेवील.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्हेर बीक यांनी घरमालकांनाही बोलतं केलं. परक्यांनी बांधलेल्या घरात राहणारं कुटुंब आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरात राहणारं कुटुंब, यांच्या आयुष्यात पुढे काही फरक पडलेला दिसला नाही. पाहुण्यांबद्दल लोक गोडच बोलले. पण निवड करायची झाली तर अनेकांचं म्हणणं असं, की पैसे पाठवा, म्हणजे आणखी शेजाऱ्यांना घरं मिळतील. येऊन गेलेल्यांनी आपण आमूलाग्र बदललो, जास्त दान करू लागलो असं कळवलं होतं. देणग्यांच्या नोंदी तपासल्यावर त्याला फारसा आधार मिळाला नाही.

परदेशी सेवेचा हा अल्पमुदतीचा अवतार तसा अलीकडचा. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसले होते. अमेरिकेच्या परदेशी मिशनकार्याचा उगम तिथे मानला जातो. त्याच कॉलेजातून शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. ईस्ट इंडिया कंपनी त्याला परत धाडायला टपली होती. तो राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, बायबलच्या भाषांतराला लागला आणि १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. त्याने पाया घातलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून महिपतीची संतचरित्रं इंग्रजीत आणत राहिले. या मंडळींच्या धर्मांतराच्या हेतूशी भांडायला भरपूर जागा आहे, आणि आपल्याकडे ते भांडण झालेलंही आहे. पण निघताना त्यांनी घरच्यांचा निरोप बहुधा कायमचा घेतलेला असे, आणि ज्यांना सांगायचं त्यांची भाषा आधी शिकावी लागे.

१९५७च्या उन्हाळी सुट्टीत जॉर्ज व्हेर्वर नावाचा कॉलेजातला पोरगा दोन मित्रांना घेऊन, ट्रकमध्ये स्पॅनिश पुस्तकं-पत्रकं भरून मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभं राहिलं. १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केलं. त्याच सुमारास जेट विमानं आली. भाषा न शिकता, नोकरी न सोडता मिशनरी होता येऊ लागलं. रॉबर्ट वुथनॉव या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकी चर्च-सभासद अशा परदेशवाऱ्या करत होते.

यावरचा सगळ्यांत जहाल हल्ला एका पाद्र्यानेच केला. ‘डीस्कूलिंग सोसायटी’मुळे आपल्याकडच्या शिक्षणविचारकांना ठाऊक असलेला इव्हान इलिच साठच्या दशकात मेक्सिकोत कुएर्नावाका इथे संस्था चालवत होता. लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या उत्तर अमेरिकी मिशनऱ्यांना तयार करण्याच्या नावाखाली तो त्यांतल्या पुष्कळांना माघारी फिरवण्याचंच काम करी. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतल्या खेड्यांत उन्हाळी सेवेला येणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या संघटनेपुढे तो बोलला. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा: तुम्ही इथे नकळत अमेरिकी मध्यमवर्गीय जगण्याची जाहिरात करता. तुम्हाला इथल्या लोकांची भाषाही कळत नाही, मग ते तुम्हाला तुमच्या चुका सांगणार तरी कसे? फिरायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका.

मला इलिच निम्माच पटतो. ३० हजारांच्या गणिताला एक दुसरी बाजू आहे, ती त्याच्या तिखट भाषणात नाही आणि व्हेर बीक यांच्या कोष्टकातही मावत नाही. तो पैसा मुळात जमतो तोच प्रवासासाठी. मुलगी होंडुरासला निघाली म्हणून आजी, शेजारी, रविवारच्या शाळेच्या बाई चेक लिहितात. न पाहिलेल्या गावातल्या गवंड्याच्या मजुरीसाठी तेच लोक तेवढेच पैसे काढतील याची खात्री कोण देईल? प्रवास रद्द केला तर पंधरा घरं उभी राहतील, असं सरळ होत नाही.

माझा आक्षेप खर्चावर कमी आणि यजमानाच्या अवस्थेवर जास्त आहे. गट येणार म्हटल्यावर स्थानिक पाळक आपली कामं बाजूला ठेवतो. गाडी, उकळलेलं पाणी, दुभाषा, स्वयंपाक, आजारी पडलेल्याला डॉक्टरकडे नेणं, सगळं त्याच्या गळ्यात. गटातल्या बऱ्याच जणांना बांधकाम येत नसतं. मग लहान मुलांसाठी कार्यक्रम ठरतो: गाणी, कागदकाम, मुकाभिनयातून बायबलची गोष्ट. आपल्याकडच्या मराठी चर्चमध्ये मे महिन्यात ‘व्हीबीएस’ म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा भरते, तसंच काहीसं. फरक एवढाच, की तिथल्या मुलांना हेच गाणं गेल्या महिन्यातला गटही शिकवून गेलेला असू शकतो. नको म्हणायची पाळकाला सोय नाही, कारण वर्षभराची देणगी याच पाहुण्यांच्या चर्चमधून येते. यजमान हसून ‘पुन्हा या’ म्हणाला, तर त्यातलं किती मनापासून आणि किती गरजेपोटी, हे दहा दिवसांत कसं कळणार?

पाहुण्यांचा हा अडाणीपणा कायदा मोडण्यापर्यंत जाऊ शकतो, हे हैतीत दिसलं. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर अडीच-तीन आठवड्यांत अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळींचा दहा जणांचा गट ३३ मुलांना कागदपत्रांविना सीमेपलीकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडला गेला. मुलं अनाथ असल्याचं सांगण्यात आलं होतं. चौकशीत बहुतेकांचे आई किंवा बाप जिवंत निघाले. चांगल्या शाळेच्या आशेने त्यांनीच मुलं सोपवली होती. नऊ जणांना काही आठवड्यांत सोडलं. गटप्रमुख बाईंना बेकायदा प्रवास घडवल्याबद्दल दोषी ठरवून, तुरुंगात काढलेले दिवस हीच शिक्षा धरली गेली.

थोड्या दिवसांचं काम नेहमीच वाया जातं असं मात्र नाही. १९७८ साली सुरू झालेल्या ‘मर्सी शिप्स’चं रुग्णालय-जहाज आफ्रिकेतल्या एकाच बंदरात महिनोन्महिने नांगर टाकून असतं. डॉक्टर-परिचारिका स्वखर्चाने येतात, काही जण दोन-तीन आठवड्यांत परततात. पण रोग्यांची निवड, टाके काढणं, पुढची देखभाल जहाजाच्या हाती राहते. शस्त्रक्रिया करणारा निघून गेला म्हणून दुभंगलेल्या ओठाचं पोर वाऱ्यावर पडत नाही.

आणि आपल्याकडचं जामखेड आहे. वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती डॉक्टर जोडपं रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७०मध्ये तिथे आले. गावाला दवाखान्याआधी पाणी आणि अन्न हवं होतं, म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली. गावातल्याच बायकांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायकाही, ग्रामआरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आज परदेशी विद्यार्थी काही आठवड्यांसाठी जामखेडला येतात ते शिकायला. तिथे काय बघायचं, कोणत्या गावात जायचं, हे आरोळेंची संस्था ठरवते. बाळंतिणीची तपासणी कशी करायची आणि सासूला विश्वासात कसं घ्यायचं, हे अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला सांगायला आरोग्यसेविका उभी असते. तिने कित्येक बाळंतपणं पाहिलेली असतात, त्याने बहुधा एकही नाही.