नवी ठेव जमाच होत नाही

आमच्या डहाणू-तलासरीत व्यसन म्हटलं की आधी आठवते ती ताडी. गांजाबद्दल मात्र दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, "शंकराची बुटी ती, त्यात वाईट काय?" कुणी म्हणतं, "ओढला की डोकं कायमचं गेलं!" खरं या दोहोंच्या मधे आहे.

बँकेत असताना मी कॅशिअरला नोटा मोजताना पाहत असे. मधेच कुणी काही विचारलं, तर उत्तर द्यायचं आणि ३७ हा आकडाही धरून ठेवायचा. ही तात्पुरती स्मृती. गांजाचा पहिला घाला तिच्यावर पडतो. आईचं नाव, घरची वाट शाबूत राहते. पण वाक्य संपेतो त्याची सुरुवात निसटते. जुनी ठेव बहुधा सुरक्षित राहते, नवी जमाच होत नाही.

याचं कारण रसायनात आहे. गांजातलं टीएचसी हे द्रव्य राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली इस्रायलमध्ये वेगळं केलं. पुढे १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेला डुकराच्या मेंदूत तसंच काम करणारं द्रव्य सापडलं. त्याचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद'वरून! मेंदू ते गरजेपुरतं बनवतो, पेशींमधली बोलणी जरा आवरतो आणि लगेच मोडून टाकतो. टीएचसी त्याच कुलपात किल्लीसारखं बसतं, पण लवकर निघत नाही. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात अशी कुलपं दाट असतात.

नशा उतरली की बरंचसं पूर्ववत होतं. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूत ही कुलपं घटतात. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर बहुतेक भागांत ती भरून आली, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. कोवळ्या वयात मात्र मेंदू घडतच असतो, म्हणून तिथं धोका मोठा. १९८५ च्या कायद्यानं गांजा-चरसावर बंदी घातली, नुसती भांगेची पानं व्याख्येबाहेर ठेवली. पण टीएचसी भांगेतही असतं, आणि मेंदू काही कलमं वाचत नाही.

वारली लग्नात धवलेरी चौकापुढं गाते, तेव्हा तिच्या हाती कागद नसतो. सगळं ऐकून साठवलेलं. जिथं पोथी माणसाच्या डोक्यातच राहते, तिथं शिकण्याच्या वयातला विसर एकट्या पोराचा तोटा राहत नाही.

म्हणून घरातलं पोर अभ्यासात, बोलण्यात हरवू लागलं, तर आधी हात उगारू नका. शेजारी बसवा, विचारा, डॉक्टरांकडे न्या. वेळेवर थांबलं, तर बरंच परत मिळतं.