हृदयाचा पीळ दाखविणाऱ्या रेषा

हृदय केवळ मुठीसारखे आवळत नाही. ओले कापड पिळावे तसे ते पिळलेही जाते. शरीराला रक्त पुरविणाऱ्या डाव्या खालच्या कप्प्याचे टोक एका दिशेने, तर वरचा भाग विरुद्ध दिशेने वळतो. प्रत्येक ठोक्याला या कप्प्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर पडणे सामान्य मानले जाते. मात्र स्नायूचा नेमका कोणता भाग दुबळा आहे, हे त्या टक्केवारीवरून समजत नाही.

ही उणीव एमआरआयच्या 'टॅगिंग' पद्धतीने भरून काढली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इलियास झेरहूनी व सहकाऱ्यांनी ती १९८८ मध्ये मांडली. या पद्धतीत ठोक्याच्या आरंभी रेडिओलहरींद्वारे स्नायूतील ठराविक पट्ट्यांचे चुंबकत्व बदलले जाते. चित्रात त्या पट्ट्या काळ्या रेषांसारख्या दिसतात आणि स्नायूबरोबर सरकतात, वाकतात. थोड्याच वेळात त्या पुसट होतात. पुढच्या ठोक्याला पुन्हा उमटविल्या जातात.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर जेथे रेषा जवळजवळ सरळच राहतात, तेथील आकुंचन मंदावलेले असते. यासाठी शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरण लागत नाहीत. एकूण रक्तप्रवाह समाधानकारक असतानाही स्थानिक दुर्बलता अशा प्रकारे ध्यानात येऊ शकते.